उरणचा गॅस, पुण्याची रिक्षा

उरण तालुक्यातल्या चिरनेरचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका तारखेने ओळखले जाते: २५ सप्टेंबर १९३०. त्या दिवशी आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. सविनय कायदेभंगाची चळवळ ऐन भरात होती. किनाऱ्यावरची माणसे मिठाचा कायदा मोडत होती, डोंगराच्या पायथ्याची माणसे जंगलाचा. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. चिरनेरचेच धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या महादेव कातकरी त्यांत होते. बाकीचे खोपटे, कोप्रोली, दिघोडे, जुई, पाणजे अशा जवळच्या गावांतले. त्या धुमश्चक्रीत मामलेदारही मारला गेला.

हा लेख गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे. तरी त्याची सुरुवात अक्कादेवीच्या डोंगरापासून करावी लागते, कारण इंधन कोणाचे आणि ते वापरायची मुभा कोण देणार, हा प्रश्न या पट्ट्यात प्रथम लाकडावरून लढला गेला. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातले जळण, गुरांचा चारा, औताला लागणारे लाकूड हे सगळे सरकारी मर्जीवर आले होते. पुढच्या काळात या तालुक्याच्या किनाऱ्यावर दुसरे इंधन उतरले. तेही इथून निघून शहरांकडे गेले, आणि त्याचा भाव, त्याचे नियम, त्याची वाट हे सारे दूर कुठेतरी ठरत राहिले.

त्याआधी मात्र लाकडाचीच पाळी आली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल लष्कराकडे वळले. १९४१ साली देशात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि बसवाल्यांसमोर गाड्या उभ्या करण्याची वेळ आली. त्यांनी तोड काढली ती कोळशाची. गाडीच्या मागे उंच लोखंडी नळकांडे बसवायचे, त्यात लाकडी कोळसा भरायचा, पंखा फिरवून विस्तव फुलवायचा. अपुऱ्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गाळून, निववून इंजिनात सोडला की गाडी चालते. वेग कमी, ताकद कमी. गाडी सुरू व्हायलाच बराच वेळ लागे आणि घाट आला की उतारूंना खाली उतरून चालावे लागे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीने या कोळशाच्या गाड्यांच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या आहेत. कोकणपट्टीतल्या जंगलांत कोळशाच्या भट्ट्या लावण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने कातकऱ्यांकडे होते. म्हणजे १९३० साली ज्यांना जंगलात शिरल्याबद्दल गोळ्या झेलाव्या लागल्या, त्याच समाजाच्या हातचा कोळसा दहा-बारा वर्षांत मोटारींचे इंधन झाला.

युद्ध संपले, पेट्रोल परतले, ती नळकांडी भंगारात गेली. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली होती. पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोलच लागते असे नाही. हवेत नीट मिसळणारा, ठिणगीने पेटणारा कोणताही वायू त्याला चालतो. ठिणगी तीच, सिलिंडर तेच, दट्ट्या तोच. बदलावी लागते ती इंधन आत सोडण्याची सोय. पुढच्या सगळ्या कथेचे यंत्रशास्त्र एवढेच आहे. बाकीची कथा भाव, कायदा आणि पाइप यांची आहे.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या तोंडावर वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोलमधून उडून जाणारे हे वायू वेगळे काढले आणि ते दाबाखाली द्रव करून साठवता येतात हे दाखवले. या द्रवरूपातच त्यांचे सगळे महत्त्व आहे. साध्या तापमानाला, हवेच्या दाबाच्या पाच-दहा पट दाबाखाली ते पाण्यासारखे पातळ होतात, आणि एक लिटर द्रवातून सुमारे अडीचशे लिटर वायू मिळतो. त्यामुळे जाड पोलादी नळ्यांची गरज नाही. साधारण जाडीच्या पत्र्याची टाकी पुरते. नैसर्गिक वायूतला मिथेन असा वागत नाही. साध्या तापमानाला कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. म्हणून गाडीत भरायचा तर दोनशेपट दाबाने दाबावा लागतो, तोच सीएनजी. पुढे मुंबई आणि पुण्याच्या वाटा काही वर्षे वेगळ्या का झाल्या, याचे मूळ या फरकात आहे.

मुंबईत एलपीजी प्रथम आला तो स्वयंपाकघरात. तुर्भ्याच्या बाजूला माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि त्याच सुमारास ‘बर्शेन’ या नावाने कंपनीने घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारणाऱ्या आणि शेगडीत कोळसे फुंकणाऱ्या शहरात ही चैन होती. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ साली आला. तरी गॅस थोडा, कारखाने थोडे, आणि पेट्रोल स्वस्त. गाडी गॅसवर चालवावी असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

ते कारण १९७३ च्या अखेरीस आले. अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत खनिज तेलाचे जागतिक दर जवळपास चौपट झाले. परकीय चलनाची आधीच ओढ असलेल्या भारताला हा घाव मोठा होता. नेमक्या त्याच वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. दरम्यान तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होत होते; १९७६ साली बर्मा-शेलही सरकारच्या ताब्यात आली आणि तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली.

सुरुवातीला बॉम्बे हायचे तेल जहाजांत भरून आणले जाई आणि तेलाबरोबर वर येणारा गॅस समुद्रातच जाळून टाकला जाई. १९७८ साली समुद्रतळावरून टाकलेल्या वाहिन्या उरणच्या किनाऱ्याला लागल्या आणि चित्र बदलले. मुंबई बंदराच्या पलीकडचा, मिठागरांचा, भातशेतीचा आणि मासेमारीचा हा तालुका एका रात्रीत नव्हे, पण दशकभरात देशाच्या ऊर्जेचे बंदर झाला. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाने इथे मोठा प्रकल्प उभारला. बोकडवीऱ्याला वीज मंडळाचे वायुविद्युत केंद्र आले. थळला खताचा कारखाना आला, नागोठण्याला गॅस क्रॅकर आला. दोन्हींचा कच्चा माल उरणच्या किनाऱ्यावरून जाणार होता.

उरणच्या प्रकल्पात काय घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण इथेच दोन इंधने एकमेकांपासून वेगळी होतात. समुद्रातून येणारा वायू म्हणजे अनेक वायूंची सरमिसळ. तो खूप थंड केला की जड वायू द्रव होऊन खाली राहतात आणि हलका मिथेन पुढे निघून जातो. जड भागातून प्रोपेन-ब्युटेन वेगळे काढले की एलपीजी तयार. ते सिलिंडरांत आणि टँकरांत भरून रस्त्याने जाते. ईथेन-प्रोपेन नागोठण्याला जाते. उरलेला मिथेनप्रधान वायू पाइपांतून तुर्भे, थळ, वीज केंद्र अशा वाटांनी निघतो. पुढे मुंबईच्या टॅक्सीत भरला गेलेला सीएनजी आणि पुण्याच्या रिक्षात भरला गेलेला एलपीजी ही एकाच भूगर्भातल्या वायूची रूपे आहेत. एकाला पाइप लागतो, दुसऱ्याला टँकर पुरतो.

या सगळ्याची किंमत स्थानिकांनी मोजली. आधी जमिनी गेल्या. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि न्हावा-शेवा परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. मग धोका आला. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात ईथेन-प्रोपेनची गळती होऊन झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात लागलेल्या आगीत चार जणांचा जीव गेला; आगीशी झुंजणारे जवान त्यांत होते. शहरातला माणूस टाकीचा नळ फिरवतो तेव्हा त्यामागे ही माणसे असतात, हे या विषयावर लिहिताना नोंदवलेच पाहिजे.

आता गाड्यांकडे येऊ. उरणचा गॅस निघू लागला तरी देशाची घरगुती मागणी त्याहून झपाट्याने वाढत होती. १९८० च्या दशकात गॅसची जोडणी मिळायला वर्षे लागत. खासदाराच्या कुपनावर नंबर लागला तर घरात पेढे वाटले जात. टाकी १४.२ किलोची, भाव सरकारने अनुदान देऊन खाली ठेवलेला. पेट्रोलवर मात्र कर चढत गेले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, तेल भडकले आणि केंद्र सरकारने पेट्रोल-डिझेलवर खाडी अधिभार बसवला. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने पेट्रोल आणखी २० टक्क्यांनी महाग केले. घरगुती गॅसही त्या वेळी महागला, पण अनुदानाची दरी राहिलीच. एका बाजूला चढ्या कराचे पेट्रोल, दुसऱ्या बाजूला अनुदानाची लाल टाकी, आणि मध्ये त्या दोन्हींवर सारखेच चालणारे इंजिन. पुढे काय झाले त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

गाडी गॅसवर करून द्यायची कामे गल्लीबोळांतल्या गॅरेजांत सुरू झाली. मारुती व्हॅन त्यासाठी फार सोयीची होती. ती १९८४ पासून रस्त्यावर होती, मागे जागा भरपूर, इंजिन साधे. इटलीत गॅसच्या गाड्यांचा धंदा जुना. तिथले रिड्यूसर आणि व्हॉल्व्ह कुठून कुठून येत, काही भाग इथेच बनत. मागच्या सीटखाली किंवा डिकीत घरगुती टाकी आडवी टाकायची, रबरी नळी पुढे न्यायची, डॅशबोर्डवर पेट्रोल-गॅसचे बटण बसवायचे. भाड्याने चालणाऱ्या व्हॅन, शाळेची मुले नेणाऱ्या व्हॅन, लग्नसराईत फिरणाऱ्या गाड्या अशा कितीतरी गाड्या या टाकीवर धावल्या. कोणाकडे आडवी टाकी होती, कोणी गाडीत वेगळी टाकी बसवून तिच्यात लहान मोटर लावून घरगुती टाकीतला गॅस ओढून घेत असे. हे उद्योग बंद शटरआड, बहुधा रात्री चालत.

अत्यावश्यक वस्तू कायद्याखालच्या आदेशांनुसार हा गुन्हा होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो जिवाशी खेळ होता. घरगुती टाकी उभी ठेवून वरचा वायू शेगडीला देण्यासाठी बनवलेली असते. गाडीची टाकी तळातला द्रव इंजिनाकडे देते आणि तिथे इंजिनाच्या गरम पाण्याच्या उबेने त्याचा वायू होतो. गाडीच्या खऱ्या टाकीत ८० टक्के भरले की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. नळी तुटली तर प्रवाह थांबवणारा व्हॉल्व्ह असतो. लाल टाकीत यातले काहीच नाही. शिवाय प्रोपेन-ब्युटेन हवेपेक्षा जड. गळालेला सीएनजी वर उडून जातो, एलपीजी मात्र जमिनीलगत, गटारात, गॅरेजच्या खड्ड्यात साचून ठिणगीची वाट पाहतो. गॅस भरताना व्हॅन पेटल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या.

या प्रकारात दोष कोणाचा? गाडीवाल्याचा आहेच, मुलांनी भरलेल्या व्हॅनमध्ये घरगुती टाकी टाकणाऱ्याला माफी नाही. पण मोठा वाटा धोरणाचा आहे असे माझे मत आहे. जगात इतरत्र हे इंधन उघडपणे, नियमाने वापरले जात होते. जपानच्या टॅक्सी अनेक दशके एलपीजीवर धावत होत्या. इटली, नेदरलँड्स, कोरिया इथे पंपावर गॅस मिळत होता. आपल्याकडे मागणी होती, यंत्र होते, गॅसही होता. नव्हता तो कायदेशीर मार्ग. तो नसल्यामुळे गरजू माणूस चोरवाटेने गेला आणि चोरवाटेवर सुरक्षेचे कोणतेच साधन नव्हते.

तो मार्ग खुला झाला प्रदूषणाच्या दडपणाने. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय बसगाड्यांना सीएनजीकडे ढकलत होते. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली होती आणि टॅक्सींसाठी सीएनजीचे पंप हळूहळू उभे राहत होते. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २००० साली अहवाल दिला. त्यानंतरच्या आदेशांनी मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपुढे दोनच पर्याय ठेवले: स्वच्छ इंधन घ्या किंवा रस्ता सोडा. पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत जाड नळकांडी बसली, सामान ठेवायची जागा गेली आणि कॅरियरवर ट्रंका चढल्या. मुंबईने सीएनजी निवडला, कारण उरणहून तुर्भ्याला येणारा मिथेनचा पाइप तिच्या दाराशी आधीच होता.

बाकीच्या महाराष्ट्राच्या दाराशी तो नव्हता. त्यांच्यासाठी निर्णायक ठरला तो मोटार वाहन कायद्यातला बदल. ऑगस्ट २००० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने गाडीचे इंजिन एलपीजी किंवा सीएनजीवर करून घ्यायला कायदेशीर मान्यता दिली. २००१ साली वाहनांत एलपीजी वापरण्याविषयीचा स्वतंत्र आदेश निघाला. वाहनाचा गॅस वेगळा, त्याची टाकी वेगळी, पंप वेगळा, आणि घरगुती टाकी गाडीत वापरायला स्पष्ट मनाई. किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होणार, बसवणारा अधिकृत असणार, आरटीओ आरसी बुकवर इंधनाची नोंद करणार. इतकी वर्षे शटरआड चाललेल्या धंद्याला पहिल्यांदा दिवसाचा उजेड मिळाला.

पुण्याची स्थिती तेव्हा बिकट होती. दुचाकींचे शहर, अरुंद पेठा, आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या हजारो रिक्षा. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते; ते अर्धवट जळते आणि निळसर धूर मागे सोडते. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांना तो धूर झोंबत असे. सर्वोच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाबद्दल २००३ साली ज्या शहरांना आराखडे करायला सांगितले त्यांत सोलापूरही होते, हे अनेकांच्या लक्षात नाही. प्रश्न फक्त महानगरांचा राहिला नव्हता.

सीएनजी आणायचा तर घाट चढून पाइप यायला हवा होता. एलपीजीला टँकर पुरत होता, आणि टँकर उरण-पनवेलहून पुण्याला रोजच जात होते. मग २००० च्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात रिक्षा एलपीजीवर जाऊ लागल्या. तेल कंपन्यांनी निवडक पेट्रोल पंपांवर गॅसची सोय केली, खासगी कंपन्याही उतरल्या. आकुर्डीच्या बजाज ऑटोने कारखान्यातूनच एलपीजीची रिक्षा काढली. मारुतीने २००६ साली वॅगन-आर ड्युओ आणली. पेट्रोल आणि एलपीजी दोन्हींवर चालणारी, टाकी कारखान्यातच बसवलेली. ज्या कामासाठी दहा वर्षांपूर्वी माणूस पकडला जाई, ते आता शोरूममध्ये हमीपत्रासह मिळू लागले.

रिक्षावाल्याचा हिशेब सरळ होता. लिटरमागे गॅस पेट्रोलपेक्षा बराच स्वस्त. गॅसच्या एका लिटरात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे पडे. तरी वजावट करून दिवसाच्या धंद्यात चार पैसे उरत. तक्रारीही होत्या. पिकअप कमी होतो, चढावर गाडी ओढत नाही, व्हॉल्व्ह लवकर जातात. सगळ्यात मोठी तक्रार रांगेची होती. पंप मोजके, रिक्षा हजारो. रांगेत उभे राहण्यात धंद्याचे तास जात. म्हणून पुष्कळ रिक्षांत आणीबाणीसाठी पेट्रोलची छोटी टाकी ठेवलेली असे.

तरी या गॅसने पुण्याच्या रस्त्यांवरचा निळा धूर कमी करायला हातभार लावला. बंगळूर आणि चेन्नईच्या रिक्षा एलपीजीवर गेल्या त्याही याच कारणाने: तिथे पाइप नव्हता. कोलकाता उच्च न्यायालयाने २००८ साली जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या शहरानेही चार-स्ट्रोक एलपीजी रिक्षाच घेतल्या. महाराष्ट्रात नागपूर, कोल्हापूर, सोलापूर या शहरांत हेच इंधन पोचले. एलपीजीचे पंप देशभर चालवणारी एक मोठी खासगी कंपनी, कॉन्फिडन्स पेट्रोलियम, नागपूरचीच आहे. पाइप ज्या शहरांत पोचला नव्हता त्यांचे इंधन एलपीजी झाले. माझ्या मते या सबंध प्रकरणाची किल्ली इथेच आहे.

म्हणूनच पाइप पोचला तसे त्याचे दिवस भरत आले. २००४ साली गुजरातेत दहेजला परदेशी द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवणारे टर्मिनल सुरू झाले. २००७ च्या सुमारास दहेज-उरण वाहिनी पूर्ण झाली. बॉम्बे हायचा गॅस घटत चालला होता. आता उरणला गुजरातेकडूनही गॅस येऊ लागला. २००६ साली गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी पुण्यासाठी स्थापन केली होती. पुढच्या काही वर्षांत पुण्यात सीएनजीचे पंप उघडले, पीएमपीच्या बस त्यावर आल्या आणि रिक्षांनाही सीएनजीकडे वळवण्याचे धोरण आले. एलपीजीच्या रांगेत उभी राहिलेली तीच रिक्षा सीएनजीच्या त्याहून लांब रांगेत जाऊन उभी राहिली. सीएनजी स्वस्त होता आणि सरकारचा कल त्याच्याकडे होता, एवढे कारण पुरेसे होते.

करांनी उरलेले काम केले. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा घरगुती एलपीजीवर ५ टक्के आणि वाहनांच्या एलपीजीवर १८ टक्के दर लागला. पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू या कराबाहेरच राहिले. गाडीत बसवायच्या किटच्या मान्यतेचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी चाचणी, तिचा खर्च. लहान किटवाले यातून बाहेर पडले. कार कंपन्यांनी एलपीजीची मॉडेले एकेक करून बंद केली. तुर्कस्तानात चाळीस लाखांहून अधिक मोटारी आज याच इंधनावर धावतात, कारण तिथे सरकारने करातली तफावत वर्षानुवर्षे टिकवली आणि पंप गावोगाव नेले. इंजिन त्यांचेही तेच आहे.

घरगुती टाकी गाडीत जाण्याचे प्रमाण ओसरले तेही भावामुळेच. २०१२ साली अनुदानाच्या टाक्या वर्षाला सहावर आणल्या गेल्या. मग मर्यादा नऊ आणि बारा झाली. २०१५ पासून अनुदान देशभर थेट बँक खात्यात जमा होऊ लागले, म्हणजे टाकी सगळ्यांनाच बाजारभावाने मिळू लागली. छापे आणि खटले वर्षानुवर्षे जे करू शकले नाहीत, ते या एका बदलाने बऱ्याच अंशी केले. पूर्ण थांबले असे म्हणवत नाही; आजही अवैध भरणा करणाऱ्या अड्ड्यांवर छापे पडतात आणि आजही तिथे गाड्या पेटतात.

चिरनेरच्या रस्त्यांवर यातले काय आले? सीएनजीची टॅक्सी मुंबईत धावत होती, एलपीजीची रिक्षा पुण्यात, आणि उरण-पनवेल-पेणच्या गावांतली माणसे डिझेलच्या सहा आसनी विक्रम आणि मिनिडोरमध्ये दाटीवाटीने बसून बाजार गाठत होती. याच परिसरातून गॅसचे टँकर आणि पुढे बंदराचे कंटेनर रात्रंदिवस जात राहिले. रस्ते उखडले, धूळ भातशेतीवर बसली, अपघात झाले. उरणहून चाकण-शिक्रापूरच्या दिशेने एलपीजीची भूमिगत वाहिनी टाकली गेली आहे. तिने टँकर थोडे कमी होतील, पण तिचाही गॅस घाटावर जाण्यासाठीच आहे.

वाहनांना सीएनजी आणि घरांना पाइपचा गॅस पुरवण्यासाठी रायगड जिल्ह्याच्या क्षेत्राची परवानगी महानगर गॅसला मिळाली ती २०१५ साली. समुद्रातला गॅस उरणला प्रथम उतरला त्याला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती.